दुपार वगळून

"यात दुपार कुठंय?" बाबांनी विचारलं आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

आलेख मी त्यांच्यापुढे मुद्दाम ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर, सालांच्या ढिगाला अगदी लागून, ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर रंगीत काढून आणलेला. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक निळा खांब. त्या तासात आमच्या रस्त्यावरून गेलेले ट्रक जर पलीकडच्या पुलावरून गेले असते, तर पुलावर जास्तीत जास्त किती भार आला असता, तेवढी त्या खांबाची उंची. आणि सगळ्या खांबांच्या वर, चांगली बोटभर जागा सोडून, एक लाल आडवी रेघ. पूल जेवढं पेलू शकतो ती. बाबांनी ती रेघ बघावी एवढंच मला हवं होतं. रेघ आणि खांब यांच्यामधली पांढरी पट्टी बघावी. ती पट्टी म्हणजे त्यांची चूक होती आणि मी ती मोजून घरी आणली होती. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि रेघेकडे न बघता एक ते चारच्या मधल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. तिथले खांब बुटके होते. एक तर जवळजवळ नव्हताच. बोट काढलं तेव्हा मटाराचा हिरवट ओला ठसा कागदावर राहिला.

"दुपारी ट्रक कमी असतात," मी म्हणाले.

"असं?" ते म्हणाले.

हा 'असं?' मी फार लहानपणापासून ओळखते. जेवताना ते माझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे. "किती?" म्हणजे वजन किती. कधी कुकर, कधी कांद्याची पिशवी, एकदा मावशीकडचं तान्हं बाळ. मी आकडा सांगायचे, ते "असं?" म्हणायचे आणि वस्तू माझ्या हातातून काढून घ्यायचे. बरोबर की चूक, कधीच सांगितलं नाही. माझी मोठी बहीण अक्षताताई हसून काहीही ठोकून द्यायची आणि जेवायला लागायची. मला मात्र घास जायचा नाही. मी दुसऱ्या दिवशी कांद्याची पिशवी घेऊन वाण्याकडे जायचे आणि काट्यावर ठेवून बघायचे. माझा आकडा बहुतेक वेळा बरोबर असायचा, आणि ते त्यांना सांगायची सोय नसायची, कारण त्यांनी कुठे चूक म्हटलं होतं? पुढे विलेपार्ल्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मला पहिल्यांदा काचेच्या पेटीतला तराजू मिळाला, आणि आठवतंय, मला रडूच यायचं बाकी होतं. विचारलं की उत्तर देत होता तो. लोक म्हणतात, बापाकडून घेतलं हिने हे सगळं. घेतलं नाही. बापाच्या विरुद्ध जमवलंय.

पूल आमच्या वसाहतीच्या पलीकडे, खाडीकडे जाणाऱ्या रुंद नाल्यावर आहे. ट्रक लहान असत त्या काळातला. कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगकडे जाणारी सगळी अवजड वाहतूक त्याच्यावरून जायची. मग एका पावसाळ्यात पुलाच्या दोन्ही टोकांना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या, उंच गाडी खालून जाणारच नाही अशा, आणि कमानीवर नोटीस लागली: अवजड वाहनांस मनाई. नोटिशीच्या तळाशी सही आणि सहीखाली नाव. विद्याधर प्रधान. आमचे बाबा. रस्ते-पुलांच्या खात्यातून ते रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले होते. कुणीतरी त्या नावाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली जोडलेल्या हातांच्या चार इमोजी. तोपर्यंत ट्रक आमच्या रस्त्यावर आले होते. आमचा रस्ता म्हणजे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीने थांबायचं, असा. वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत करडे व्हायला लागले, कंपाउंडची भिंत एका डम्परने दोनदा पाडली, जिन्यातल्या भेगा रुंदावल्या की आधीपासूनच तशा होत्या यावर भांडणं झाली. आणि मग रतनकाकांचा पाय. रतनकाका परब आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. दूध घ्यायला गेटाबाहेर गेले, डम्पर मागे येत होता, उजव्या पावलाचं जे उरलं ते आता एका काळ्या चामडी बुटात असतं. पूर्वी रोज संध्याकाळी बाबा आणि ते गेटाजवळ बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि एकमेकांचा उद्धार करायचे. पायानंतर बाबांनी खाली जाणं बंद केलं. दूध, भाजी, औषधं मी आणते. आई अक्षताताईच्या बाळंतपणाला बोरिवलीला गेली ती तिथेच राहिली. बाळाला धूळ सोसत नाही, असं ती सांगते, जणू बाळ आमच्याकडे राहतं.

मी मात्र राहिले, आणि बाबांकडे दिवसेंदिवस बघत राहिले. ते कधी म्हणाले नाहीत, की मला वाईट वाटतं. असंही म्हणाले नाहीत, की माझं बरोबर होतं. अंधेरीच्या ज्या कंपनीत मी काम करते ती रस्त्यात पट्ट्या पुरते. ट्रक पट्टीवरून गेला की त्याच्या प्रत्येक आसाचं वजन आपोआप नोंदलं जातं. पुस्तकातला एक काल्पनिक ट्रक धरून पुलाचा हिशेब करण्यापेक्षा खरोखर जाणारे ट्रक मोजायचे आणि बघायचं, पूल त्यांना पेलतो का. आमच्या पुलाचं काम कंपनीकडे आलं तेव्हा मी ते मागून घेतलं आणि आमच्या रस्त्यात पट्टी पुरून घेतली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मोजून दाखवते, पूल हे ट्रक आरामात पेलतो, कमानी निघतील. टाळ्या पडल्या. रतनकाकांच्या वनमालाकाकूंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बापाने केलं ते लेक निस्तरतेय," त्या म्हणाल्या, आणि मला ते ऐकून जे वाटलं त्याला आनंद म्हणायचं की नाही मला माहीत नाही. छातीत काहीतरी कडक, चकचकीत वाटलं. स्टीलच्या भांड्यासारखं.

आणि आता मटाराचा ठसा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पहिल्यांदा दुपार उघडून बघितली. पडद्यावर ज्या नोंदी धरायच्या नसतात त्या करड्या दिसतात. गाडीचा वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली गेला की नोंद करडी. हा नियम पुस्तिकेत आहे आणि तो आमच्या प्रोग्रॅममध्ये घालणारी ओळ मीच लिहिली होती. एक ते चार जवळजवळ सगळं करडं होतं. खालपर्यंत गेले तरी करडं. मी रोज अंधेरीत असते, दुपारी डम्पिंगच्या फाटकापासून आमच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते हे मला फक्त ऐकून माहीत होतं, आणि ऐकलेलं मी धरत नाही.

शेजारी सुयोग बसतो. सिव्हिलचा आहे, माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर, आणि मी इंजिनियर नाही हे त्याला रोज एकदा आठवतं.

"कचरा आहे तो," तो माझ्या पडद्याकडे बघून म्हणाला. "ट्रक पट्टीवर रांगायला लागला, उभा राहिला, की पट्टी वाट्टेल ते बोलते. ब्रेक मारलेला असतो, एक चाक वर असतं, एक खाली. ते धरायचं नसतं."

"ट्रक तर असतात ना तिथे?"

"असतात की. पण त्यांचं वजन आपल्याकडे नाही."

"मग त्यांना वजन नाही?"

"ए सायन्सवाली, डोकं नको खाऊ यार. रिपोर्ट शुक्रवारी जायचाय. सगळं झकास बसलंय, त्यात पाचर कशाला मारतेस?"

त्याने हेडफोन लावले. मी करड्या ओळींकडे बघत बसले. धावणाऱ्या ट्रकांमध्ये अंतर असतं. पुलाच्या मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या तीस मीटरवर, एक ट्रक असतो, फार तर त्याच्यामागच्याचं तोंड. उभ्या ट्रकांमध्ये अंतर नसतं, आणि पूल उघडला तर ती रांग पुलावर उभी राहणार. तिथे तीन मावतात, पलीकडच्या बाजूला आणखी तीन. धावणारा ट्रक हिसके देतो म्हणून त्याचं वजन थोडं वाढवून धरतात, उभा ट्रक हिसके देत नाही, पण सहा म्हणजे सहा. यात न समजण्यासारखं काय आहे? पहिल्या वर्षाच्या मुलाला कळेल. मला ते कळलं, शिडीची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. आणि त्याच क्षणी मला बाबांचा इतका राग आला, की मी टेबलाची कड धरली. ते एका बोटाने ते करून गेले होते. ओल्या बोटाने.

मी रजा टाकली आणि दुपारी घरी राहिले. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. ते रोज असेच बसत असणार, कारण खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार काळे गोल उमटले होते. खाली ट्रक लागले होते. डम्पिंगच्या फाटकापासून जी रांग सुरू होते ती आमच्या गेटावरून पुढे वळणापर्यंत. कचऱ्याचे बंद ट्रक, डेब्रिजचे डम्पर, पुन्हा कचऱ्याचे. इंजिनं चालू, खिडकीच्या काचा एका सुरात थरथरत, कचऱ्याच्या ट्रकांखाली तपकिरी पाण्याची धार आणि त्या पाण्याचा वास, आंबट आणि गोड, दाताला चिकटणारा. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. ती शांतता मला सगळ्यांत वाईट वाटली. सगळ्यांना ठाऊक होतं, की हे असंच असणार आहे. बाबांनी मला मोजायची टेप घेऊन निघताना पाहिलं आणि नजर पुन्हा खाली वळवली. विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी गेले नसते, असं मला जिन्यात वाटलं.

गेटाच्या आत रतनकाका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होते, वॉकर समोर, त्यावर अडकवलेली पाण्याची बाटली. वनमालाकाकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काय गो," रतनकाका म्हणाले, "पूल उघडतलो काय नाय?"

"बघतेय, काका."

"अजून बघतंस? तुझ्या बापाशीक सांग, एक पाय अजून शिल्लक आसा. म्हणावं, घाई करूक नको."

"गप बसा हो," काकू म्हणाल्या. "पोरगी आपल्यासाठी राबतेय आणि तुमचं काय?" मग माझ्याकडे बघून, "शुक्रवारी ना गं?"

"शुक्रवारी," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

दोन ट्रकांच्या मधे शिरताना अंग चोरावं लागत होतं. पुढच्याचा मागचा पत्रा आणि मागच्याचा पुढचा बंपर यांत कुठे कोपरापर्यंतचा हात जाईल एवढं अंतर, कुठे वीत. मुंबईत कुणी जागा सोडत नाही. सोडली की रिक्षा घुसते. मी टेपचं टोक एका बंपरला लावायचे आणि दुसऱ्याला टेकायचे, गरम पत्र्याला बोटं लागायची, इंजिनाची थरथर टेपमधून मनगटात यायची. वरून एक ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, कायतरी पडलं काय? की आमचं लग्न जमवताय?" मागचा हसला. मी मान वर केली नाही. पाठीवर आणखी एक नजर होती, तिसऱ्या मजल्यावरची, आणि ती मला पत्र्यापेक्षा जास्त भाजत होती. मी अंतरं मोजत वळणापर्यंत गेले. येताना पुन्हा मोजली, कारण मला शंका नको होती.

वजनं माझ्याकडे होतीच. हेच ट्रक, याच नंबरांचे, सकाळी रस्ता मोकळा असताना भरलेले जातात आणि पट्टी तेव्हा खरं बोलते. सकाळचं वजन आणि दुपारचं अंतर. मी ते ट्रक एकेक करून कागदावरच्या पुलावर आणून उभे केले. लाल रेघ ओलांडली गेली. थोडी नाही. मी हिसक्यांचा वाढीव भार काढून टाकला, तो तसाही काढायचाच होता. तरी ओलांडली. सर्वांत जड डम्पर बाजूला ठेवले, म्हटलं, हे रोज थोडेच येतात. रोज येत होते, पण ठेवले. तरी. अंतरं वाढवून बघितली, एकेक मीटर धरलं, मग दोन, ट्रक सभ्यपणे उभे राहतात असं एक शहर मी तयार करत गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझे दात दुखतायत. इतका वेळ मी ते आवळून बसले होते. मी सगळं मूळपदावर आणलं. खांब दुपारी एकदम उंच झाले होते. जिथे खड्डा होता तिथे.

सुयोगने हेडफोन काढले, आकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच मस्करी केली नाही. "बाप रे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण एवढी काय वाट लागली नाहीये. अट घाल."

"कसली?"

"पुलावर अवजड वाहनं थांबवू नयेत. दोन्ही टोकांना बोर्ड लावावा. थांबलं नाही तर भार मर्यादेतच आहे ना? मग पूल सेफ, अट पाळून. आपण काय खोटं लिहिलं? सगळे असंच लिहितात."

"आणि फाटकाची रांग?"

"ती फाटकवाल्यांनी बघायची. तू फाटकवाली आहेस का?" त्याने खुर्ची जवळ ओढली. "गार्गी, ऐक. तुझ्या गल्लीतले लोक तुला खांद्यावर घेऊन नाचतील. तुझ्या फादरचा मॅटर पण क्लोज. एक ओळ आहे यार."

एक ओळ होती. येताना मेट्रोत आणि मग घाटकोपरहून येताना मी ती मनात लिहीत राहिले. पुलावर वाहने थांबवू नयेत. वाक्यात काहीच चूक नव्हती. ते वाचताना डोळ्यांसमोर रिकामा, धुतलेला पूल यायचा आणि त्यावरून एकेक ट्रक, मधे भरपूर ऊन सोडून. मला तो बोर्डही दिसायचा, पिवळा, आणि त्या बोर्डाखाली कोपरभर अंतरावर उभी असलेली रांग, इंजिनं चालू. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. त्या ओळीने बाबा चुकीचे ठरत होते, कागदावर, कायमचे. आणि ती न लिहिली तर मला घरी जाऊन त्यांना सांगावं लागणार होतं, की तुम्ही बरोबर होतात. मला तोंड उघडून ते त्यांना सांगायचं होतं. पूल पडला तर किती माणसं, हा विचार मी करत होते की नव्हते? करत होते. पण खरं सांगायचं तर तो तिसरा होता.

बाबा गॅलरीतच होते. मी चपला न काढता समोर उभी राहिले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"दुपार घातली," मी म्हणाले. "पूल पेलत नाही. तुम्ही बरोबर होतात."

त्यांनी परीक्षकासारखं ऐकलं. वजनं कुठली घेतली, अंतरं किती ठिकाणी मोजली, मधला गाळा की टोकाचा. मी सगळं सांगितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी वाट बघत होते, की आता कुठेतरी ओठाचा कोपरा हलेल, आणि मला तो हलायला हवा होता, म्हणजे मला त्यांचा नीट द्वेष करता आला असता.

"तुमचं तेव्हाचं गणित द्या मला," मी म्हणाले. "ताडून बघते."

"कसलं गणित?"

"पूल बंद करतानाचं."

"गणित नव्हतं," बाबा म्हणाले. "त्या पावसाळ्यात कुठेतरी एक पूल पडला होता. वरून फोन आला, जुने जेवढे आहेत तेवढ्यांवर अवजड वाहनं बंद करा, संध्याकाळपर्यंत. मी बसल्या जागी सह्या केल्या. त्यात आपला एक."

"तुम्ही बघायलासुद्धा गेला नाहीत?"

"संध्याकाळपर्यंत?"

खाली कुठल्यातरी ट्रकने ब्रेक सोडला, हवेचा फुस्स आवाज झाला. इतकी वर्षं मी एका माणसाच्या हिशेबाशी भांडत होते आणि हिशेबच नव्हता. मी चुकीच्या आकड्यांनी चुकले होते. ते आकड्यांशिवाय बरोबर होते. हे कुठल्याही तराजूत बसत नव्हतं.

"मग मला दुपार कशाला विचारलीत?"

"दिसली नाही म्हणून."

"आणि रतनकाकांचा पाय?"

"तो डम्परखाली आला." मग त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "तुझा तो सुयोग काय म्हणतो?"

"अट घाला म्हणतो. थांबू नये अशी."

"घाल मग."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "बाबा, ट्रक थांबणार. तुम्ही रोज बघता."

"मी बघतो. कागद बघत नाही. घाल." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर दिसत होती. "मला चूक ठरव. ठरवायचंच होतं ना तुला? मला खाली जायचंय."

"जा की. कोणी धरलंय?"

"चुकलेला म्हणून जायचंय. चुकलेल्याला लोक चार शिव्या देतात आणि बसायला सांगतात. बरोबर असलेल्याला कुठे बसवणार ते?"

म्हातारा माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. बनियनच्या गळ्यातून दिसणारी हाडं, गालावर दाढीचे दोन चुकलेले पुंजके. तो मागत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होता, आणि ते द्यायला मला एक ओळ लागत होती.

"नाही," मी म्हणाले. ते म्हणताना जिभेला चव आली. पूल, माणसं, खरं-खोटं हे सगळं त्या 'नाही'मध्ये होतं, नाही असं नाही, पण चव त्याची नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी अहवाल पाठवला. अट नाही. कमानी कायम ठेवाव्यात. सुयोगने हेडफोन काढलेच नाहीत, साहेब फक्त एवढंच म्हणाले, की हे तू फोनवर आधी सांगायला हवं होतंस. मी लवकर निघाले. दुपार होती, रांग वळणापर्यंत होती, आणि मी ट्रकांच्या आडून, रतनकाकांचं लक्ष नसताना, चोरासारखी जिन्यात शिरले. काकू मागून "गार्गी?" म्हणाल्या. मी ऐकलं नाही असं केलं. वर जाऊन पाणी पिऊन मग येते आणि सांगते, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पँट, पायांत सँडल. दाढी केलेली.

"पाठवलास?"

"हो."

"अट?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या बाजूने बाहेर पडले. "कुठे?" मी म्हणाले. "बाबा, मी सांगणार आहे त्यांना. माझं काम आहे ते." ते कठड्याला धरून उतरत राहिले, एकेक पायरी, मागे वळले नाहीत. मी गॅलरीत गेले.

वरून त्यांचं टक्कल दिसलं, मग खांदे. वनमालाकाकू उठून उभ्या राहिल्या. रतनकाका नाही.

"या साहेब," ते म्हणाले. "आज खंयसून उजाडलां?"

"पूल बंदच राहणार," बाबा म्हणाले. इंजिनांच्या वर जाईल एवढ्या आवाजात. शेजारच्या विंगमधून कुणीतरी खिडकी उघडली.

"कोण म्हणता?"

"मी."

"तुम्ही रिटायर ना?" काकू म्हणाल्या.

"तरी मीच. तेव्हा नीट मोजून बंद केला होता. आता पुन्हा मोजून बघितला. तेवढंच येतंय. मुलीला मी म्हटलं, उगाच आशा नको दाखवूस लोकांना."

काही क्षण मला कळलंच नाही, की ते काय करतायत. मग कळलं. माझा आकडा घेऊन ते खाली गेले होते. वळणापर्यंत दोनदा चालून, पत्र्याला बोटं भाजून, दात आवळून आणलेला माझा आकडा त्यांनी आपल्या नावावर केला होता आणि मला त्यांच्या मागे उभं केलं होतं, आशा दाखवणारी मुलगी म्हणून. ते मला वाचवत होते, हेही मला त्याच क्षणी कळलं, आणि त्याने राग कमी झाला नाही. कानशिलं तापली. काकूंनी वर पाहिलं. त्यांनी पाहिलं तशा आणखी दोन-तीन खिडक्यांनीही.

"खरं का गं, गार्गी? हे म्हणतात ते?"

मी कठड्यावर वाकले. "खोटं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, सपाट, लांबपर्यंत जाणारा. "त्यांनी तेव्हा काही मोजलं नव्हतं. एका फोनवर सही केली. बघायलासुद्धा गेले नव्हते. आत्ता मोजलंय ते मी. पूल पेलत नाही हे मी लिहून दिलंय. त्यांनी नाही."

बाबांनी वर पाहिलं नाही. रतनकाकांनी पाहिलं, माझ्याकडे, मग त्यांच्याकडे. त्यांच्या तोंडातून आधी हसण्यासारखा एक आवाज आला.

"न मोजता?" ते म्हणाले. "माझो पाय तू न मोजता घेतलंस?"

मग रतनकाका सुरू झाले. अशा शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या, आईवरून, बापावरून, खात्यावरून, बाबांच्या पेन्शनवरून, मालवणीत, घसा फुटेपर्यंत, आणि शेजारच्या ट्रकमधल्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली. बाबा हात बाजूला सोडून उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी रतनकाकांना खोकला आला. काकूंनी बाटली उघडून दिली. ते प्यायले, तोंड पुसलं, आणि वॉकरच्या पायाने शेजारची रिकामी खुर्ची ढकलली. ती फरशीवरून खरखरत बाबांच्या गुडघ्याला लागली.

"बस मेल्या," ते म्हणाले. "उभो कित्याक रवलंस?"

बाबा बसले. काकूंनी बाटली त्यांच्यापुढे धरली. मग काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि खिडक्यांतल्या सगळ्यांनी पाहिलं, आणि मी तिथेच कठड्याला धरून उभी होते.